चैत्रगौर, सामना आणि आलेगेले

उन्हाळा लागला की आमच्या ठाणे-कल्याणकडच्या घरांत दोन पंचांगे चालू होतात. एक भिंतीवरचे. त्यात लग्नाचे मुहूर्त, अक्षय्य तृतीया, शाळेची सुट्टी आणि दूधवाल्याचे खाडे असतात. दुसरे खिशातल्या फोनवरचे. त्यात आयपीएलचे सामने असतात. पूर्वी कार्य ठरवताना वडीलधारी मंडळी पहिले पंचांग उघडून बसत. आता कार्यालयाला विसार देण्यापूर्वी घरातला एखादा पुतण्या हळूच दुसरेही उघडतो आणि म्हणतो, "काका, त्या दिवशी मुंबई-चेन्नई आहे. लोक रिसेप्शनला येतील, पण थांबणार नाहीत." काका आधी त्याला रागावतात आणि मग तारीख बदलतात.

या प्रकाराबद्दल आमच्या स्टाफरूममध्ये आणि लोकलच्या बायकांच्या डब्यात एकच सूर ऐकू येतो: क्रिकेटने घरे बुडवली, येणेजाणे बंद पडले, नवरा-बायको बोलेनासे झाले. गेली कित्येक वर्षे मी हा सूर ऐकते आहे. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तक्रारीचा बाण चुकीच्या माणसाला लागतो आहे, असे माझे मत आहे आणि ते या पानांतून मांडावे म्हणते. वाचकांनी, विशेषतः लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी, ते पटले नाही तरी वाचावे.

आधी थोडे मागचे. आमच्या लहानपणी क्रिकेट हा हिवाळ्याचा खेळ होता. कसोटी सामने थंडीत होत. मुंबईतली १९४८ पासूनची कांगा लीग तेवढी पावसात, चिखलात खेळली जाई. चैत्र-वैशाख मोठ्या क्रिकेटला मोकळा असे. ते दिवस गल्लीतल्या पोरांचे, पापड-कुरडयांचे आणि पाहुण्यांचे. शिवाय सामना असला तरी तो रेडिओवर. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन लागलेले असे, आणि आई त्याच वेळी गव्हाचा चीक शिजवीत असे. रेडिओने कान मागितले, पण हात आणि डोळे माणसाकडेच ठेवले. आल्या-गेल्याकडे बघून "या, बसा" म्हणता येई, आणि गावसकर किती झाले तेही कळे.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि डोळेही त्या पेटीकडे वळले. पण तेव्हा तक्रार कुणी केली नाही, हे लक्षात घ्यावे. कारण पेटी एकाच घरी होती. २५ जून १९८३ च्या संध्याकाळी मी नौपाड्यातली शाळकरी मुलगी होते. आमच्या वाड्यात ज्या बिऱ्हाडी दूरदर्शन संच होता त्या बिऱ्हाडी त्या रात्री सतरंज्या कमी पडल्या. भारताच्या अवघ्या १८३ धावा झाल्या तेव्हा निम्मे लोक जेवायला म्हणून उठून गेले. कपिलदेवने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा ते सगळे हात न धुता परत आले. वेस्ट इंडिज १४० मध्ये आटोपले. ज्यांचे नळावरून वर्षभर बोलणे नव्हते अशा दोन काकू त्या रात्री एकमेकींना साखर भरवताना मी पाहिल्या आहेत. सामना बघणे आणि शेजारी जाणे या तेव्हा दोन गोष्टी नव्हत्याच.

उन्हाळ्यात पहिली घुसखोरी शारजाने केली. १८ एप्रिल १९८६ रोजी जावेद मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, तो दिवस शुक्रवार होता. बरोबर बावीस वर्षांनी, १८ एप्रिल २००८ रोजी आयपीएलचा पहिला सामना बंगळुरात झाला आणि मॅकलमने नाबाद १५८ केल्या, तोही शुक्रवारच. मधल्या काळात १९९८ च्या एप्रिलमधली सचिनची दोन शारजा-शतके आली. पण शारजा आठ-दहा दिवसांचा पाहुणा होता. आयपीएल मात्र मुक्कामाला आले. २०२५ च्या मूळ वेळापत्रकात २२ मार्च ते २५ मे या ६५ दिवसांत ७४ सामने मांडले होते. इतका मुक्काम सख्खी नणंदही करीत नाही.

आता वेळेचा हिशोब बघा, कारण खरी गोम तिथे आहे. वीस षटकांचा हा खेळ २००३ साली इंग्लंडात निघाला तो नोकरदार माणसाला काम संपल्यावर बघता यावा म्हणून. तिथे जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो; साडेपाचला कचेरी सुटली की माणूस मैदानावर जाऊन, सामना बघून, वेळेवर घरी पोचतो. आपल्याकडे हीच सोय आली ती संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला. डोंबिवलीचा माणूस सकाळी साडेसातला घर सोडतो. सहाला फोर्टातून निघाला, फास्ट गाडी मिळाली आणि दिव्याला सिग्नलने अडवले नाही, तर साडेसातला घरात पाय ठेवतो. हातपाय धुऊन बसला की नाणेफेक होऊन गेलेली असते. सामना संपतो सव्वाअकराला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गाडी. तेव्हा संसार नावाच्या वस्तूला आमच्या भागात दिवसाकाठी जे साडेतीन-चार तास मिळतात, नेमके तेच तास हे आहेत. इंग्लंडात जो खेळ कामानंतरचा, तो आपल्याकडे घराऐवजीचा झाला.

आणि हे तास फुकटचे नाहीत. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. सामने ४१०. म्हणजे एका सामन्याला सुमारे ११८ कोटी. ही रक्कम चौकार-षटकारांची नव्हे. तुमची-आमची साडेसात ते सव्वाअकरा ही वेळ कुणीतरी घाऊक भावाने विकत घेतली आहे आणि सीमेंटवाल्यांना, पानमसालेवाल्यांना किरकोळीने विकली आहे. आपल्याच घरातला ऐवज विकला जातो आणि आपल्याला त्यातला रुपया मिळत नाही, उलट आपण वर्गणी भरतो, ही गंमत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तपासून बघण्यासारखी आहे.

असो. मला सांगायचे आहे ते चैत्रगौरीबद्दल.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. हा महिना बायकांच्या येण्याजाण्याचा. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, दारात चैत्रांगण. माझ्या आईच्या वेळी हळदीकुंकू दुपारी चारला सुरू होऊन दिवेलागणीला संपत असे. आता डोंबिवली-कल्याणच्या बायकाही त्याच सहाच्या गाडीने परततात. तेव्हा हळदीकुंकूही सरकत सरकत साडेसातवर आले आहे. एका खोलीचा हॉल. त्यात एका भिंतीला गौरीची आरास, समोरच्या भिंतीला टीव्ही. बायका गौरीकडे तोंड करून बसल्या की त्यांची पाठ पडद्याला, आणि मागे सोफ्यावर माना इकडेतिकडे करणारे पुरुष. "वहिनी, जरा सरकता का?" हे वाक्य मी या महिन्यात इतक्या घरांत ऐकले आहे की गौरीलाही ते पाठ झाले असेल. कुणी टीव्ही बंद करीत नाही, कुणी भांडतही नाही. फक्त आवाज बंद करतात आणि चित्र ठेवतात. ही तडजोड मला भांडणापेक्षाही वाईट वाटते. त्यात बायकांचे बोलणे दबते आणि पुरुषांनाही धड सामना मिळत नाही.

अधिक महिना आला तर विचारू नका. २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता आणि २७ मे रोजी, रविवारी, आयपीएलचा अंतिम सामना. आमच्या नात्यातल्या एका घरी त्याच संध्याकाळी जावयाला धोंड्याचे वाण द्यायचे ठरले होते. तेहतीस अनारसे, चांदीची दिवली, सगळे यथासांग. वॉटसनने पहिल्या दहा चेंडूंवर एकही धाव काढली नव्हती, तेव्हा जावईबापू म्हणाले, "हा आऊट झाला की उठतो." वॉटसन शेवटपर्यंत आऊट झाला नाही. नाबाद ११७. अनारसे गार झाले आणि सासूबाईंचा चेहरा त्याहून गार. पण पुढचे सांगायला हवे. सासरे त्या जावयाशी लग्नाला चार वर्षे होऊन एक वाक्य धड बोलले नव्हते. त्या रात्री दोघे बारापर्यंत बोलत बसले, आणि आजही बोलतात. आता या सामन्याने नाते तोडले म्हणायचे की जोडले?

माझा मुद्दा इथून सुरू होतो. कल्याणला माझी एक मैत्रीण आहे, कॉलेजपासूनची. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. तीस वर्षे तिने त्यांच्या क्रिकेटला नावे ठेवली; आमच्या आंब्याच्या बैठकीत तिचे ते ठरलेले कीर्तन असे. ते गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात तिच्या इमारतीत घरोघरी हळदीकुंकवाची बोलावणी गेली आणि तिच्या दारावरून पुढे गेली. कुणी मुद्दाम अपमान केला नाही. रीत म्हणून. आम्ही मैत्रिणी असली रीत मानत नाही, आमच्याकडे ती पहिल्यासारखी येते, कुंकूही लावते. पण आम्ही आहोत दोन-तीन स्टेशने दूर, आणि जिना ती रोज त्या इमारतीचा चढते. शेजारणी नटूनथटून वर-खाली करतात ते ती दाराच्या फटीतून ऐकते. शिकल्यासवरल्या, बँकांत आणि शाळांत नोकरी करणाऱ्या या बायका! या रितीबद्दल मला काय वाटते ते लिहिले तर संपादक कात्री लावतील.

तर त्या एप्रिलमध्ये ती साडेसातला टीव्ही लावू लागली. मला म्हणाली, "घरात आवाज हवा म्हणून लावते गं. पण कोण आऊट झालं ते सांगायला तरी कुणी हवं ना?" पहिल्यांदा समोरच्या घरातला मुलगा आला, त्याच्याकडे बहिणीच्या परीक्षेसाठी टीव्हीला कुलूप होते. मग त्याला जेवायला बोलवायला आलेली त्याची आई दारातच उभी राहून दोन षटके बघून गेली. दुसऱ्या दिवशी ती बसली. मग वरच्या मजल्यावरच्या आजी, त्यांना स्कोअर वाचता येत नाही पण धोनी ओळखू येतो. मे महिन्यात मी गेले तेव्हा तिच्या दारात सात जोड चपला होत्या. हळदीकुंकवाला कोण चालते आणि कोण नाही हे रीत ठरवते. सामन्याला सगळे चालतात. हे एक कारण जरी धरले तरी मी क्रिकेटला सरसकट दोष द्यायला तयार नाही.

मग बिघडले कुठे? माझ्या मते, पडदे वाढले तिथे. १९८३ मध्ये वाड्याला एक पडदा होता. पुढे घराला एक झाला, तोवरही ठीक होते. निदान बाप-लेक एका सोफ्यावर होते. २०२३ मध्ये सामने फोनवर फुकट दिसू लागले आणि माणशी एक पडदा झाला. आता फुकटचे दिवस गेले, पण सवय राहिली. रात्री आठच्या गाडीत एका बाकावरची चार माणसे तोच सामना चार फोनवर बघतात, कानांत बोंडे घालून. एकाचे चित्र दुसऱ्याच्या दहा सेकंद पुढे असते, म्हणून एक ओरडतो आणि उरलेले त्याच्यावर चिडतात. घरीही तेच. नवरा हॉलमध्ये सामना बघतो, बायको आत मालिका, मुलगा गच्चीवर आणखी काही. अशा घरी पाहुण्याने कुणाकडे जायचे?

ज्यांना हे पटत नसेल त्यांना मे २०२५ ची आठवण करून देते. ८ मेच्या रात्री धर्मशाळेचा सामना अर्ध्यावर थांबला, सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा स्थगित झाली आणि १७ मेपर्यंत एकही सामना झाला नाही. नऊ ते सोळा, अशा आठ संध्याकाळी आमच्या भागाला आंदण मिळाल्या. येणेजाणे वाढले का? नवरे बायकांना घेऊन तलावपाळीला फिरायला गेले का? गेले असतील दोन-चार. मी पाहिले ते एवढेच, की त्याच सोफ्यावर, त्याच वेळी, तीच माणसे बातम्या बघत होती. काळ चिंतेचा होता, बातम्या बघणे साहजिक होते. पण संघर्ष १० मेला थांबल्यानंतरही सोफा हलला नाही. तेव्हा दोष चेंडूफळीचा नव्हे, हे मानायला हरकत नसावी.

आता लग्नाबद्दल. साप्ताहिकांतले सल्लागार अशा वेळी बायकांना एक ठरीव उपदेश करतात: पतीच्या आवडीत रस घ्या, क्रिकेटचे नियम शिकून घ्या, म्हणजे संसार गोड होईल. माझा याला साफ विरोध आहे. ज्या बाईला आवडते तिने जरूर बघावे. जिला आवडत नाही तिने पायचीतचा नियम शिकून कुणाचे भले होणार? उलट, घरच्या पुरुषाने कैरी किसायला आणि डाळ भरडसर वाटायला शिकावे, हा सल्ला मी कुठे वाचलेला नाही. नवरा-बायकोने सतत बोलतच राहिले पाहिजे असेही नाही. शेजारी शेजारी बसून एकाच गोष्टीकडे गप्प बघणे हाही संसारच. खटकते ते वेगळेच. डावाच्या मध्ये अडीच मिनिटांची जी विश्रांती असते, तिला आमच्याकडे मी 'पानांची वेळ' म्हणते. त्या अडीच मिनिटांत सोफ्यावरून हाक येते, "वाढून आण गं," आणि घरातली एकच व्यक्ती उठते. दर वेळी तीच. पाहुणे आले तर त्यांच्यातली बाईही तिच्या मागोमाग आत जाते. सामना संपतो तेव्हा पुरुषांनी पाहुणचार केलेला असतो आणि बायकांनी भांडी. पाहुणे नकोसे होतात ते इथे. आपल्याकडे येणेजाणे कमी झाले त्याचे कारण घरची बाई दमली हे आहे, आणि ती साडेसातच्या गाडीने स्वतःही दमूनच आलेली असते, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. उन्हाळा नव्हता, पण मुद्दा तोच. नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, म्हणजे ठाण्याहून थेट लोकलने जाता येईल इतक्या जवळ, आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. दीप्ती शर्माने अर्धशतक काढून वर पाच बळी घेतले. त्या रात्री आमच्या घरी मी, माझी मुलगी आणि शेजारच्या दोघीजणी सोफ्यावर होतो आणि आमच्याकडचे हे, न सांगता, चहा टाकायला उठले. चहात साखर जास्त झाली होती. एका रात्रीने घराची वहिवाट बदलत नाही, याची मला कल्पना आहे, दुसऱ्या दिवशी "चहा झाला का?" ही हाक नेहमीच्या बाजूने नेहमीच्या बाजूला आलीच. पण उठता येते, गुडघे दुखत नाहीत, एवढे सिद्ध झाले.

आम्हा चौघी मैत्रिणींची आंब्याची बैठक दर मे महिन्यात असते. एक ठाण्याची, एक कल्याणची, दोघी डोंबिवलीच्या. सामन्याचा दिवस चुकवून तारीख धरायची म्हणून आम्ही पूर्वी महिनाभर फोन करीत असू आणि कधी कधी बैठक जूनवर, म्हणजे आंबे संपल्यावर जाई. आता आम्ही उलट करतो. मुद्दाम सामन्याचा रविवार धरतो, दुपारी साडेतीनचा. स्थळ कल्याण, त्या मैत्रिणीचे घर, कारण टीव्ही तिच्याकडे मोठा आहे आणि शेजार तयार आहे. रविवारी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारी बघून घ्यायचे. ठाणेकरणीने एक डझन हापूस आणायचे, फोडी करायच्या तिच्या यजमानांनी. आमच्याकडच्यांकडे भेळ, कांदा तेच चिरतात. सगळे आधीच मधल्या मेजावर मांडून ठेवायचे, म्हणजे पानांच्या वेळी कुणीच आत जायचे नाही. चपला काढतो तिथेच एक वेताची टोपली ठेवली आहे, तीत प्रत्येकाने फोन ठेवायचा. या शेवटच्या कलमाला ठाण्याच्या यजमानांचा अजून विरोध आहे. त्यांचे म्हणणे, दुसरा सामना गाडीत बघावा लागतो, तेव्हा फोन टोपलीत उतरून जाईल. टोपलीशेजारी प्लग आहे, असे त्यांना कळवले आहे.